अर्थाच्या खिडकीवरची हरकत

वेबसाइट कुठल्याही फोनवर नीट चालावी म्हणून सगळ्यांसाठी खुले नियम ठरवणारं एक मंडळ होतं. नियम पक्का करण्याआधी मसुदा मोठ्या पडद्यावर लावायचा आणि ‘कुणाची हरकत?’ असं विचारायचं, अशी तिथली रीत. त्या दिवशीच्या मसुद्यात एक सोय होती: शब्दावर बोट ठेवलं की त्याचा अर्थ छोट्या खिडकीत उघडावा.

एका बड्या कंपनीचे सबनीससाहेब वर्षभर बैठकांना येऊन गप्प बसत. आज सगळे राजी झाल्यावर मात्र ते उठले. “या खिडकीचं पेटंट आमचं आहे. आमच्या परवानगीशिवाय ती कुणी वापरायची नाही!”

 सभेतल्या ब्राउझर बनवणाऱ्यांचे चेहरेच उतरले.

“हरकत मान्य,” अध्यक्ष हेमांगी तांडेल म्हणाल्या आणि पडद्यावरचा तो परिच्छेद त्यांनी सगळ्यांदेखत पुसून टाकला. “अर्थ पानाच्या तळाशी दाखवू. तळ काही कुणी विकत घेतलेला नाही. पुढचा विषय?”

सबनीस गडबडले. “अहो, असं कसं? नियमातून काढलीत तर आमची खिडकी कुठल्याच ब्राउझरमध्ये उघडणार नाही. मग ती वापरणार कोण?”

“कुणीच नाही. कुणी वापरू नये, हेच सांगायला तर तुम्ही उठला होतात ना?”

सभेत हशा पिकला. चहा येण्याआधीच सबनीसांनी खिडकी सगळ्यांना खुली असल्याचं लिहून दिलं. तांडेलबाईंनी परिच्छेद परत लावला आणि त्यांच्याकडेच बघत रीतीप्रमाणे विचारलं, “कुणाची हरकत?”