हौसाबाईची टोमॅटोची पाटी

"मग हौसाबाईला तू काय सांगितलंस, त्र्यंबक?"

"टोमॅटो देवाला चालत नाही, असं सांगितलं."

गिरणाकाठच्या मठात भानुगिरी महाराज फराळाला बसले होते. एकादशी होती. त्र्यंबकने दोघांची ताटं वाढली होती. उद्या द्वादशीला महाराज देवाची पूजा कायमची या शिष्याच्या हाती सोपवणार, अशी गावात कुजबुज होती. ती ऐकल्यापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

"रडली का?"

त्र्यंबक घुटमळला.

"डोळे पुसले तिनं. मळ्यातला पहिला तोडा देवाला वाहीन, असं बोलली होती म्हणे. गेल्या वर्षी रोपंच जगली नाहीत तिची... पण महाराज, मी तरी काय करणार? रक्तासारखं लाल फळ. जहाजातून आलेलं. आपल्या एकाही पोथीत त्याचं नाव नाही. त्यात कूळ धोत्र्याचं."

"सोमवारी महादेवाला धोत्रा कोण वाहतं?"

"...मीच."

महाराजांनी त्र्यंबकचं ताट आपल्यापुढे ओढलं. त्यातली बटाट्याची भाजी एका पत्रावळीवर काढली.

"बटाटा. हाही जहाजातूनच आला."

मग दाण्याच्या आमटीची वाटी उचलून पत्रावळीवर ठेवली.

"शेंगदाणा. तोही तिकडचाच."

रताळ्याचा कीस गेला. साबुदाण्याची खिचडी गेली. त्र्यंबक बघत राहिला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि खिचडी त्यानं स्वतः निगुतीनं परतली होती.

"मिरची तरी..." तो हळूच म्हणाला.

"ती तर टोमॅटोच्याच घरातली," म्हणत महाराजांनी ठेचाही काढून घेतला आणि पत्रावळ उंबऱ्यापलीकडे सरकवली.

ताटात पांढरी भगर आणि ताक उरलं.

"आता सगळं पोथीतलं आहे. जेव."

त्र्यंबकने भगरीचा घास घेतला. हौसाबाई एकेक टोमॅटो पदराने पुसून पाटीत नीट लावत होती, ते त्याने सकाळी पायरीवरून पाहिलं होतं. पाहूनही त्याने हात आडवा केला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. घास तसाच तोंडात फिरत राहिला.

बऱ्याच वेळाने तो उठला. हात धुतले.

"तिला घेऊन येतो. पाटी मीच उचलून आणीन."

महाराजांनी मान हलवली.

त्र्यंबक दारापर्यंत गेला आणि थबकला. विचारू नये हे त्याला कळत होतं, पण राहवेना.

"महाराज... उद्यापासून पूजा माझ्याकडेच ना?"

महाराजांनी बाहेरची पत्रावळ आत ओढली. त्यातली बटाट्याची एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली.

"हौसाबाईला विचार."