सातव्या सोमवारचं उद्यापन

उमाकांत सरांच्या हाताखाली कॉलेजचा बास्केटबॉल संघ दुसऱ्या वर्षीही पहिल्याच फेरीत हरला, आणि सोमवारी संध्याकाळी चिडलेली मंडळी त्यांच्या फाटकाशी जमली. "कोच बदला!" असा एकच गलका. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब तर राजीनाम्याचा कागद तयार करूनच आत आले.

सरांची बायको शैलजा महादेवापुढे चुरम्याचा नैवेद्य ठेवत होती. ती म्हणाली, "बरे आलात, दादासाहेब. आज सोळा सोमवारांचं उद्यापन करून टाकावं म्हणते."

"वा! सोळा झाले?"

"नाही हो, हा सातवा. महादेव काही पावेना, तेव्हा म्हटलं, हे व्रत सोडावं आणि दुसरं धरावं."

दादासाहेब गोंधळले. "अहो वहिनी, भलतंच काय! मधेच सोडलं की केलेलं सगळं वाया. पुन्हा पहिल्या सोमवारपासून धरावं लागतं!"

"असं होय? मग मला एक कळत नाही," शैलजा हळूच म्हणाली. "दहा वर्षांत तुम्ही पाच कोच काढलेत. म्हणजे आपल्या कॉलेजचा अजून पहिलाच सोमवार चाललाय का हो?"

दादासाहेबांनी कागदाकडे पाहिलं, महादेवाकडे पाहिलं, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. शैलजानं दिलेलं प्रसादाचं ताट घेऊन ते फाटकाशी आले.

"काय ठरलं?" मंडळींनी विचारलं.

"अजून नऊ राहिलेत," दादासाहेब म्हणाले.

नऊ काय, ते कुणालाच कळलं नाही; पण चुरम्यासाठी सगळ्यांनी हात मात्र पुढे केले.