भामाने काढलेले पाय

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला बैलगाडीत घालून गावाबाहेरच्या चित्रशाळेत घेऊन आला. मुलीचे हात उपरण्याने बांधलेले होते. स्वतःच्या पोरीला भिणारा बाप तुम्ही कधी पाहिला आहे का? हा आधी स्वतः उतरला, चार पावले दूर जाऊन उभा राहिला आणि मग गाडीवानाला म्हणाला, "सोड तिला."

ही चित्रशाळा एका वृद्ध गुरुजींची होती. तिथे येणारी मुले चित्रकार व्हायला येत नसत. कोणी चावे घेई, कोणी दगड मारी, कोणी गवताच्या गंजी पेटवून आलेला असे. घरच्यांनी हात टेकले की पोराला इथे आणून सोडायचे, अशी त्या पंचक्रोशीत रीतच पडली होती. गुरुजी प्रत्येकाला एक भिंत नेमून देत, पुढ्यात कोळसा, गेरू आणि हळद ठेवत आणि स्वतः बाजूला बसत. मुलाच्या चित्राला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा तिथला नियम. भिंत भरली की मूल आपल्याच हाताने तिच्यावर चुना मारी आणि पुन्हा सुरुवात करी.

या मुलीचे नाव भामा. तिची आई गरोदर होती, दिवस भरत आले होते. येणाऱ्या बाळासाठी माजघरात पाळणा टांगला, तर भामाने त्यावर जळता दिवा फेकला. पाळणा रिकामा होता म्हणून निभावले. हे सांगतानाही व्यापाऱ्याला घाम फुटला होता. बाळ घरात आल्यावर ही काय करील, या विचाराने त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

भामाने पहिल्याच दिवशी गुरुजींना दगड मारला. कपाळावर टेंगूळ आले, तरी ते जागचे हलले नाहीत. मग तिने कोळसा उचलला आणि भिंतीवर एक काळी आकृती काढली. आकृतीला तोंड नव्हते. पाय मात्र एवढाले, की अर्धी भिंत त्यांनीच व्यापली. पुढे रोज तेच चित्र. रोज तेच पाय.

गुरुजींपाशी एक तरुण शिष्य होता. बुद्धीने तल्लख, पण धीर अंमळ कमी. त्या आकृतीपुढून जाताना त्याच्या अंगावर काटा येई, आणि आपल्याला एका मुलीच्या चित्राची भीती वाटते याची त्याला लाजही वाटे. भित्र्या माणसाला सद्बुद्धी सुचते ती बहुधा अशाच वेळी. गुरुजी काही कामासाठी परगावी गेले, तेव्हा त्याने नियम मोडला. "अगं, पाय एवढे मोठे नसतात," असे म्हणत त्याने ओल्या फडक्याने ते पुसले आणि लहान करून काढले. भामा नुसती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. ती चावली नाही, ओरडली नाही. त्याला वाटले, जमले आपल्याला. मग त्याने कोळसा लपवून ठेवला आणि तिला फुले काढायला शिकवले. गुरुजी परतले तोवर सगळी भिंत फुलांनी भरली होती. भामा आता शिष्य सांगेल तिथे बसत होती, तो विचारेल त्याला "हो" म्हणत होती.

नेमका त्याच दिवशी व्यापारी पेढे घेऊन आला. मुलगा झाला होता, बारसे ठरले होते. फुलांची भिंत पाहून त्याचे डोळे भरून आले. पोर सुधारली, आता तिला आजच घरी नेतो, असे तो म्हणू लागला.

आपण ते पाय कसे पुसले, हे शिष्याने कौतुकाने सांगितले. गुरुजी भिंतीसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. कपाळावर दगड बसला तेव्हा जो माणूस हलला नव्हता, तो आता घाईघाईने वळला. ते आत गेले, चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आले, आणि फुलांवरून सरळ पांढरे फटकारे ओढू लागले. नियम ज्यांनी घातला, तेच तो मोडत होते. शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला चळ लागला. व्यापारी संतापला. गुरुजी एवढेच म्हणाले, की भिंत सुकल्याशिवाय मुलीला गाडीत बसवू नका.

चुना सुकेपर्यंत सगळे अंगणात बसून राहिले. भामा हळूहळू भिंतीपासून दूर सरकत होती, आणि ते पाहून व्यापाऱ्याच्या रागाची जागा भीती घेऊ लागली.

भिंत सुकली. गुरुजींनी भामापुढे कोळसा धरला. तिने नकारार्थी मान हलवली. "मी आता चांगली झाले. फुलं काढते," ती म्हणाली.

"घरी गेल्यावर काय होईल, ते काढ," गुरुजी म्हणाले. "कोणी पुसणार नाही."

बराच वेळ तिने कोळसा नुसताच मुठीत आवळून धरला. मग पाळणा काढला. पाळण्यात कोणी नव्हते. शेजारी जमिनीला कपाळ टेकलेली एक बाई काढली. आणि उंबऱ्यात ती काळी आकृती, तिच्या त्या प्रचंड पायांसह.

"हे कोण गं?" व्यापाऱ्याने विचारले.

"मी."

मग तिने सांगितले. याआधीही तिला एक भाऊ झाला होता. बारसे व्हायच्या आतच तो गेला. रडायला जमलेल्या बायकांत आत्या म्हणाली होती, हिच्याच पायगुणाने गेला. भामाने ते ऐकले आणि मनात जपून ठेवले. "मी घरात पाय ठेवला की हाही मरेल," ती म्हणाली. "तुम्ही नेलंत, तर मी पुन्हा पाळण्यावर दिवा फेकीन. मग तुम्ही मला परत इथे आणून सोडाल. मग तो जगेल."

पाळण्यात आता बाळ होते, एवढी एक गोष्ट त्या लहान डोक्यात शिरली नव्हती. शिष्य तिथेच खाली बसला.

गुरुजी त्याला म्हणाले, "बाळा, ती काळे काढत होती तेव्हा मी निर्धास्त होतो, कारण ती आपल्याला सांगत होती. तू पाय पुसलेस तेव्हा तिला कळले, की हे इथे कोणाला पाहायचे नाही. मग तिने तुला हवे ते दिले आणि आपले सगळे आत ठेवले. त्रास देणाऱ्या मुलाची भीती सगळ्यांनाच वाटते. जे मूल एकाएकी शहाणे होते, त्याची मला जास्त वाटते."

व्यापारी मान खाली घालून उभा होता. आत्या ते बोलली तेव्हा तो तिथेच बसलेला होता, आणि बहिणीशी वाद नको म्हणून गप्प राहिला होता. त्या दिवशी त्याने भामाला नेले नाही. बारसे पुढे ढकलले. बायको उठून बसू लागली, तसा तिला आणि बाळाला घेऊन तो स्वतःच चित्रशाळेत आला.

बाळ पाहताच भामा पळत जाऊन कोपऱ्यात बसली. पाय तिने परकराखाली ओढून घेतले. व्यापारी तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्याने बाळ तिच्या मांडीवर ठेवले.

"श्वास घेतोय का?" तिने विचारले.

"घेतोय."

"उद्या?"

व्यापाऱ्याने गुरुजींकडे पाहिले.

"उद्याचं मला ठाऊक नाही, भामा," तो म्हणाला. "बाळं आजारी पडतात. पण काही झालंच, तर ते तुझ्या पायांनी झालेलं नसेल. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

भामा हलली नाही. बाळाच्या वरखाली होणाऱ्या छातीवर डोळे लावून ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली, आणि तिच्या मांडीवरून बाळ कोणीही परत मागितले नाही.