अंगाचा मासा

एका राज्यात राजवाड्याहून मोठे एक तळे होते, आणि राजाहून जुना त्या तळ्याचा कायदा होता. वर्षातून एकदा तिथे गळाचा खेळ भरे. राजापासून कुंभारापर्यंत सगळे काठावर ओळीने बसत आणि पाण्यात गळ सोडत. माशाने आपण होऊन तोंड उघडले, आमिष घेतले, तर तो ज्याच्या गळाला लागला त्याचा. पण गळ चुकून त्याच्या कुशीत, पोटात नाहीतर शेपटीत रुतला, तर तो हलक्या हाताने सोडवून पाण्यात परत द्यायचा. मग तो केवढाही असो.

हे पारखायचे काम कालिंदेचे. आधी तिच्या बापाचे होते, त्याच्यामागे तिच्याकडे आले. हात पाण्यात भिजवून ती मासा उचले, गळ कुठे लागला आहे ते पाही आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल असे ओरडे, "मुखाचा!" किंवा "अंगाचा!" वीस वर्षांत तिच्या शब्दावर कुणी ब्र काढला नव्हता.

त्या वर्षी राजा वज्रकेतूच्या गळाला सोन्याच्या खवल्यांचा मासा लागला. त्याच्या कपाळात बोराएवढा मणी होता आणि त्यातून उजेड सांडत होता. गळ मात्र डाव्या कुशीत रुतला होता.

"अंगाचा!" कालिंदा ओरडली.

राजा म्हणाला, "मी मुद्दाम केले नाही, कालिंदे. मी गळ ओढला, हा वाटेत आला."

"मुद्दाम केले असते तर आपली गळाची काठी मोडावी लागली असती, महाराज. चुकून झाले, म्हणून नुसते सोडायचे."

"जखम खोल आहे. सोडला तरी मरेल. मग वाया का घालवू?"

"मरेलही. पण तळ्यात मरेल. कासवे खातील, खेकडे खातील. वाया काही जाणार नाही. फक्त तो आपला होणार नाही."

तेव्हा राजाचा मांत्रिक जंभारी पुढे झाला आणि राजाच्या कानाशी लागला. "हा मणी ज्याच्या मुकुटात, त्याला रणात हार नाही." एवढे पुरे झाले. राजाने तलवारीच्या मुठीने मासा मारला, मणी मुकुटात बसवला आणि कालिंदेला तळघरात कोंडले.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला आणि राजकन्या वसुप्रभा किंचाळून उठली. तिच्या डाव्या कुशीत जखम झाली होती. गळ दिसत नव्हता, दोरी दिसत नव्हती, पण कुणीतरी तिला तळ्याकडे ओढत होते. बरोबर तीन पावले ओढली आणि ओढ थांबली. तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी तीन. दार लावले तर दार बिजागरीतून निखळे. खांबाला बांधले तर कुशीतून रक्ताची धार लागे. शेवटी राजाने दोर सोडले आणि राजकन्या रोज तीन पावले पाण्याकडे जाऊ लागली. तिचे अंथरूण अंगणात आले, मग वेशीबाहेर आले, मग वाळूवर आले.

पाणी नऊ पावलांवर उरले तेव्हा जंभारी म्हणाला, "तळ्यात तीन अद्भुत मासे आहेत. रुपेरी, तांबडा आणि काळा. ते गळाने धरावे आणि तिघांचा एकेक घास राजकन्येला द्यावा." पण ते मासे धरील असा हात राज्यात एकच होता. कालिंदेला तळघरातून वर काढले.

"तीन मासे आण," राजा म्हणाला. "तुझी सुटका होईल."

"कायद्याने आले तर आणीन."

"कसेही आण!"

"कायद्याने आले तर," कालिंदा पुन्हा म्हणाली आणि काठी घेऊन चालू लागली.

पहिला, रुपेरी मासा लव्हाळ्यात राही आणि दवाखेरीज काही खात नसे. कालिंदेने गवताच्या पात्यावरचा एक थेंब अलगद गळाला अडकवला. माशाने तो ओठांनी टिपला. मुखाचा. राजकन्येने घास खाल्ला, पण दुसऱ्या सकाळी ती तीन पावले ओढली गेलीच.

दुसरा, तांबडा मासा धबधब्याखाली राही आणि निखारे खाई. कालिंदेने बोटे पोळून घेतली, पण निखारा गळाला लावला. मासा उसळून आला आणि त्याने तो गिळला. मुखाचा. राजकन्येने घास खाल्ला. दुसऱ्या सकाळी आणखी तीन पावले गेली. आता तीनच उरली.

तिसरा, काळा मासा मधल्या डोहात राही. तो डोंगरांहून म्हातारा होता आणि फक्त सावल्या खाई. कालिंदेने आपली सावली पायापासून सोडवली, गळाला लावली आणि डोहात सोडली. मग ती वाट पाहत बसली. शेजारच्या फांदीवर निळा खंड्या येऊन बसला.

"बाई," खंड्या म्हणाला, "तुझे नवल वाटते. मी सूर मारतो आणि चोचीत येईल तो मासा उचलतो. मुख पाहत नाही, अंग पाहत नाही."

"तू पोटासाठी मारतोस. तुझ्यावर कायदा नाही. आम्ही खेळासाठी गळ टाकतो. पोट भरलेले असताना दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचे, तर त्याला नाही म्हणायची जागा ठेवली पाहिजे. तेवढीही ठेवली नाही, तर तो खेळ कसला?"

खंड्या काही बोलणार, तोच दोरी ताणली. काळा मासा सावलीपाशी आला होता. त्याने तिचा वास घेतला, तोंड फिरवले आणि परत वळला. वळताना गळ त्याच्या कुशीत रुतला.

कालिंदेने त्याला काठावर घेतले, आणि गळावरची सावली आपसूक तिच्या पायाशी परत आली. राजा धावत आला, मागून जंभारी आला. वाळूवर राजकन्या उठून बसली.

"अंगाचा," कालिंदा म्हणाली. या वेळी तिचा आवाज लांब गेला नाही, पण ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकला.

जंभारी खाली वाकला. "गळ कुशीतून काढ आणि ओठात घाल. कुणाला कळणार आहे?"

"मला."

राजाने मुकुटासकट तिच्यापुढे मान लववली. "हा खेळ नव्हे, कालिंदे. माझी लेक उद्या पाण्याला लागेल, परवा बुडेल. तुझ्या कायद्याला दया नाही का?"

कालिंदेने राजकन्येकडे पाहिले. पोर सतरा वर्षांची, कुशीवर हात दाबून बसलेली. पण कालिंदा म्हणाली, "महाराज, एक अंगाचा मासा आपण ठेवलात म्हणून ही जखम झाली. दुसरा ठेवल्याने ती भरेल कशी? आणि या मांत्रिकाने सांगितलेले दोन घास तिने खाल्ले. ओढ एका बोटाने तरी कमी झाली का?"

राजाने तलवार उपसली. "सोडलास तर हात तोडीन!"

"तोडा. पण आधी त्या हातांनी हा सोडते."

तिने गळ सोडवला, मासा पाण्यात धरला, त्याचे कल्ले हलू लागेपर्यंत धरून ठेवला आणि मग ओंजळ उघडली. तलवार वर गेली. तोच वसुप्रभा उठली आणि बापाच्या आणि कालिंदेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, कुशीत गळ रुतला की कसे वाटते ते इथे दोघांनाच ठाऊक आहे. मला आणि त्या माशाला. त्याला सोडले ते बरे झाले."

राजाचा हात वरच्या वर राहिला. तेव्हा काळ्या माशाने पाण्यातून डोके काढले आणि तो माणसाच्या वाणीने बोलला, "राजा, कायदा दोन्हीकडून होता. तू तो मोडलास, म्हणून तळ्यालाही कायदा उरला नाही. तळ्याचा गळ तुझ्या मुलीच्या कुशीत रुतला आहे. कायदा असता, तर तिला सोडावेच लागले असते."

राजाने जंभारीकडे वळून विचारले, "हे तुला ठाऊक होते?"

जंभारीची नजर मुकुटातल्या मण्यावर खिळली होती. त्याची सावली त्याच्या पायांपासून सुटली, सरपटत डोहात गेली आणि काळ्या माशाने ती गिळली. सावलीवाचून मंत्र चालत नाही. जंभारी त्या राज्यातून चालता झाला.

राजाने मुकुट उतरवला. तो पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, मणी उपटून त्याने डोहात सोडला. पण ओढ सुटली नाही. वसुप्रभा कुशी धरून उभीच होती.

"शब्द म्हणायचा राहिला, महाराज," कालिंदा काठावरून म्हणाली. "साऱ्यांसमोर."

घाटावर माणसे जमली होती. कुंभार होता, धोबिणी होत्या, शिपाई होते. राजाने एकदा तोंड उघडले, मिटले. मग तो ओरडला, "अंगाचा! तो मासा अंगाचा होता. माझा नव्हता!"

ताणलेली तार तुटावी तसा आवाज झाला. वसुप्रभेच्या कुशीतली जखम मिटली.

ओला राजा वर आला आणि म्हणाला, "कालिंदे, मी तुला माफ केले."

"माफी कशाची, महाराज? मी चुकले नव्हते."

राजाने मान खाली घातली आणि तो म्हणाला, "नव्हतीस."

वसुप्रभेने तळ्याकडे पाठ केली आणि एक पाऊल टाकले. मग दुसरे, मग तिसरे. चौथे पाऊल टाकायच्या आधी ती क्षणभर थबकली, आणि टाकले. दासी हाका मारीत मागे धावल्या, पण ती थांबली नाही. वाळू मागे पडली, वेस मागे पडली, राजवाडाही मागे पडला. राजवाड्यामागची टेकडी चढून ती अगदी माथ्यावर गेली. वारा खात ती तिथे उभी राहिली, आणि खाली यायचे तेव्हा आपल्या मर्जीने आली.