पायउतार

पिसरवाडीच्या पाठीशी जो डोंगर आहे, त्याचं नाव पायउतार. सरकारी नकाशात त्याला दुसरंच काही नाव आहे म्हणतात, पण त्या नावानं वाट विचारलीत तर गावात कुणी उत्तर देणार नाही. रविवार आला की पुण्या-साताऱ्याची माणसं पाठीला पिशव्या लावून येतात, जांभळीखाली गाड्या उभ्या करतात आणि चालू लागतात. आधी कारवीचं रान, मग उघडा काळा कातळ, आणि दोन तासांनी वर मऊ गवताचा माळ. माळावर तीन बाजूंना तीन दऱ्या आणि कोकणाकडून येणारा असा वारा, की चढून आलेला माणूस घाम पुसायचंही विसरतो.

एवढंच असतं तर असे डोंगर सह्याद्रीत पैशाला पासरी. पायउतारची गोष्ट निराळी आहे. या डोंगरावर कुणी कुणाला उचलून नेत नाही. एखादा बाप पोरीला खांद्यावर बसवून निघाला, तर पारावरचे नारबा तात्या काठी आपटून त्याला थांबवतात आणि पोरीचे पाय आधी मातीला लावायला लावतात. चार वर्षांमागे एका हॉटेलवाल्यानं म्हाताऱ्या माणसांसाठी डोली काढायचं ठरवलं होतं. दुप्पट मजुरी देऊनही त्याला पंचक्रोशीत एक खांदा मिळाला नाही. चैत्रात देवाची पालखी निघते तीसुद्धा पायथ्याला ठेवतात, आणि पुजारी देवाच्या पादुका हातात धरून एकेका दगडावर टेकवत वर नेतो. देव पण चालत जातो म्हणजे काय, ते बघायला लोक लांबून येतात.

असं का, म्हणून विचारलं की तात्या खूश होतात. आपण ऐकलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही, असं बजावून ते सुरुवात करतात आणि पदरचं पुष्कळ घालतात. मंत्री खुर्चीवरून पायउतार झाला की पेपरात मोठं नाव येतं, पण आमच्याकडे एकजण पालखीतून पायउतार झाला त्याची बातमी अजून शिळी झालेली नाही, असं ते म्हणतात. त्या पायउताराचं कारण एक बाई होती. गोजरा तिचं नाव.

सहा-सात पिढ्यांमागे या मुलखाचा देशमुख हैबतराव होता. त्याला डोंगराची हवा फार आवडे. रोज दुपार कलली की आठ भोई पालखी उचलून त्याला माळावर नेत, चार खांद्याला आणि चार पालटाला. दिवस मावळला की खाली आणत. एवढ्या चढणीवर त्याची पालखी वाटेत कधी टेकली नाही, याचा त्याला भारी डौल होता. पाहुण्यारावळ्यांना तो ते सांगे, जसा काही स्वतःच्याच खांद्यावर पालखी वाहत होता. पालखी टेकली तर आठही घरांवरून नांगर फिरवीन, असा त्याचा हुकूम होता.

त्या आठांत केरबा भोई होता, गोजराचा नवरा. वैशाखातल्या एका दुपारी तो तापानं फणफणला होता. गोजरा वाड्यावर गेली, आजचा दिवस सोडा म्हणाली. कारभाऱ्यानं तिला दारातूनच वाटेला लावलं. केरबा उठला, खांदा दिला, आणि अर्ध्या डोंगरावर, कारवी संपून वाट वळते तिथं कोसळला. पालटाच्या भोयानं धावत येऊन दांडी धरली म्हणून पालखी टेकली नाही. केरबा पाणी पाणी करत होता. त्याच्यापासून चार हातांवर पालखीत थंड पाण्याची सुरई होती. हैबतरावानं पडदा सारून खाली पाहिलं.

"वाटेतनं बाजूला करा त्याला," तो म्हणाला.

त्याला बाजूला केलं. पालखी पुढं गेली. तिन्हीसांजेला भोई उतरले, तेव्हा केरबा तिथंच होता आणि त्याच्या तोंडाला मुंग्या लागल्या होत्या.

गोजरानं हे सगळं म्हादू आबाकडून ऐकलं. म्हादू आबा भोयांत सगळ्यांत थोरला, केरबाच्या जोडीचा पुढचा खांदा. सांगताना तो रडला. गोजरा रडली नाही. तिनं एकच विचारलं, पाणी कुणीच दिलं नाही का. म्हणे तिनं स्मशानातच केरबाच्या चितेची राख मुठीत घेऊन शपथ घेतली, की या माणसाचे पाय मी त्याच दगडांना लावीन, आणि तोवर केरबाला पाणी सोडणार नाही. नवऱ्याला तहानलेलं ठेवायचं म्हणजे केवढी गोष्ट. पण आपण विसरू नये म्हणून तिनं ते केलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती वाड्यासमोर जाऊन उभी राहिली. आमच्या घरचा खांदा रिकामा राहिलाय, घरात पुरुष नाही, तर तो मी देते, असं म्हणाली. सगळा वाडा हसला. हैबतरावालाही गंमत वाटली. बाई पालखी वाहते हे आसपासच्या कुठल्या वतनदाराकडे नव्हतं. त्यानं हो म्हटलं.

गावानं तिला काय काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही. पाणवठ्यावर बायका तिची घागर आली की आपली उचलून घेत. घरात सासू होती, केरबाची आई. तिनं महिनाभर तोंडाला कुलूप घातलं, आणि एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा बांध फुटला.

"ज्यानं माझं लेकरू खाल्लं, त्याला खांद्यावर मिरवतीस व्हय गं?"

"मिरवत न्हाई, आत्या," गोजरा म्हणाली. "आढीत घातलाय त्याला. पिकाय येळ लागतो."

त्या दिवसापासून म्हातारी सुनेचा सुजलेला खांदा रोज कोमट तेलानं चोळून देऊ लागली.

आणि आढी लागली. हैबतराव पूर्वी वाड्याच्या दरवाजाशी उतरून आत चालत जाई. गोजरा म्हणाली, सरकारांनी उंबरा कशाला ओलांडायचा, आम्ही आहोत ना. पालखी चौकात जाऊ लागली. मग देवळात गाभाऱ्यापर्यंत जाऊ लागली. मग न्हाणीपर्यंत. माळावर पोचल्यावर हैबतराव आधी उतरून तिन्ही दऱ्या बघत हिंडायचा. आता भोईच त्याला माळावर फिरवून एकेका दरीचं तोंड दाखवू लागले. बाकीच्या भोयांना आधी कळेना की ही बया जास्तीचं ओझं का अंगावर घेते. तिनं एकदा त्यांना बसवून सांगितलं. त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही. हैबतराव गोजराचं भारी कौतुक करी. असा भोई शोधून सापडायचा नाही, असं तो चारचौघांत म्हणे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याच्या पोटऱ्या दुधी भोपळ्यासारख्या मऊ पडल्या. त्याचे जोडे कोनाड्यात वाळले आणि एक दिवस उंदरांनी खाल्ले, तरी त्याला पत्ता नव्हता.

रोज ती वाट, रोज ते वळण. केरबा जिथं पडला होता त्या दगडावर पाय पडू नये म्हणून गोजरा तो ओलांडून जाई. तिचं बघून बाकीचेही ओलांडत, आणि पालखीला एक हिसका बसे. इथं नेहमी हिसका का बसतो, म्हणून हैबतराव चिडायचा. इथं खड्डा आहे सरकार, असं ती सांगायची. खड्डा कुठं नव्हताच. त्याच्या पाण्याच्या सुरईचा थंड वास तिच्या नाकाशी येई आणि तिच्या पोटात आग पडे. दोन वर्षं रोज ती ही आग घेऊन चढली आणि घेऊन उतरली. लोक म्हणतात राग माणसाला आंधळा करतो. गोजराचा राग डोळस होता, आणि तसा राग फार वाईट.

तिसऱ्या वर्षीच्या वैशाखात, केरबाच्या तिथीला, भोयांची बायकापोरं आणि म्हातारीकोतारी पहाटेच कोकणातल्या जत्रेला म्हणून घाट उतरून गेली. दुपारी पालखी निघाली. बरोबर हुजऱ्या असे. त्याला गोजरानं पहिल्याच टप्प्यावरून सरकारांचा विडा राहिला म्हणून परत धाडलं. तो उन्हाला कंटाळून वाड्याच्या पडवीत आडवा झाला. माळावर पोचल्यावर भोयांनी पालखी गवतावर ठेवली. माळावर तिचे पाय कित्येक महिन्यांनी भुईला लागले. हैबतरावाला वाटलं खांदेपालट आहे. मग त्यांनी दांडी काढून घेतली. गोजरानं सुरई उचलून दरीत टाकली, ती खाली कुठंतरी फुटल्याचा आवाज आला. आणि ती पालखीसमोर येऊन उभी राहिली.

"आता पायउतार व्हा, सरकार," ती म्हणाली.

तो ओरडला, शिव्या दिल्या, घरादारावर नांगर फिरवायच्या गोष्टी केल्या. घरं तर कधीच रिकामी झाली होती. सातही भोई कोकणाच्या अंगाला लागले. म्हादू आबानं तिला चल म्हटलं.

"तुम्ही व्हा म्होरं, आबा. मला एकाला पानी पाजायचं ऱ्हायलंय."

म्हादू आबाला वाटलं, बाईचं काळीज, विरघळली शेवटी. तो पुढं निघाला. गोजरानं कारवीत लपवून ठेवलेली घागर काढली आणि त्या वळणावर येऊन बसली.

हैबतराव बराच वेळ माळावर हुकूम सोडत बसला. मग उन्हानं अंग भाजलं, घसा सुकला, आणि त्यानं पाय खाली टाकला. गवतावर चार पावलं कशीबशी पडली. पुढं कातळ होता, वैशाखातला. तळपाय लोण्यासारखे, ते पहिल्या उतारालाच फाटले. तो बसून सरकू लागला, मग हातांवर, मग गुडघ्यांवर. खाली शेतातल्या लोकांना डोंगरावर काहीतरी रांगताना दिसलं आणि जनावर असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

दिवस कलताना तो वळणावर पोचला. समोर गोजरा आणि भरलेली घागर. त्यानं ओंजळ पुढं केली, पाणी दे म्हणाला. गोजरानं घागरीवर हात ठेवला.

"हितं काय झालं हुतं, सरकार? तेवढं सांगा. घागर तुमची."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. दगड बघितले, वाट बघितली. त्याला खरंच आठवायचं होतं; पाण्यासाठी त्यानं काहीही आठवलं असतं.

"इथं... इथं खड्डा आहे," तो म्हणाला.

नारबा तात्या इथं नेहमी थांबतात. त्यानं केरबाचं नाव घेतलं असतं तर गोजरानं पाणी दिलं असतं का, असं कुणीतरी विचारतंच. तात्या म्हणतात, दिलं असतं. ती तेवढ्यासाठीच घागर भरून बसली होती, शब्दाला जागणारी बाई. पण ज्याच्या अंगावरून दोन वर्षं रोज गेला, त्याची या माणसाच्या लेखी एक खड्डा एवढीच गणती होती. तिच्या मनात दयेचा जो एखादा कण उरला असेल तो तिथं जळून गेला.

"केरबा हुतं त्याचं नाव," ती म्हणाली.

मग तिनं त्याच्या डोळ्यांदेखत घागर त्या दगडावर उपडी केली. सावकाश, धार न तोडता, नवऱ्याचं नाव घेत. हैबतराव ओल्या मातीला तोंड लावायला पुढं सरकला, पण तापल्या जमिनीनं पाणी केव्हाच पिऊन टाकलं होतं. गोजरानं रिकामी घागर कमरेला लावली, त्याला ओलांडलं आणि चालू लागली. ती पुन्हा पिसरवाडीत कुणाला दिसली नाही.

अंधार पडायच्या सुमाराला वाड्यावरची माणसं बाज घेऊन शोधत आली. पण खांदा देणं हा काही कुणाचाही खेळ नव्हे. त्या उतारावर त्यांनी त्याला दोनदा पाडलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच नको म्हणाला आणि दोघांना धरून, दर पावलाला विव्हळत, सगळ्या गावासमोर चालत खाली आला. तो मेला नाही. मेला असता तर सुटला असता. पुढं अकरा वर्षं जगला. त्या मुलखातल्या एकाही भोयानं त्याच्या दांडीला हात लावला नाही, म्हणून जिथं जायचं तिथं त्याला आपल्या पायांनी जावं लागलं.

पुढल्या वैशाखात गुराख्यांना वळणावरची माती ओली दिसली. उकरलं तर पाणी लागलं. कातळात तेव्हा खोदलेलं टाकं आजही आहे, सगळे ओढे आटले तरी ते आटत नाही, आणि चढून आलेला प्रत्येकजण तिथं पाणी पितो. पिण्याआधी ओंजळभर जमिनीवर सोडायचं, एवढी रीत पाळायची.

आजही केरबाच्या तिथीला हैबतरावाच्या वंशातली दोन-तीन माणसं गाडीनं येतात. भली माणसं आहेत, मुकाट्यानं चालत चढतात. टाक्याशी आल्यावर वाकून आपल्या हातानं पाणी घ्यायचं त्यांना धाडस होत नाही. पिसरवाडीच्या कुणीतरी आपण होऊन ओंजळीत ओतावं, म्हणून ती थोडा वेळ हात जोडून उभी राहतात. गावची माणसं तिथंच बसलेली असतात, राम राम करतात, पाऊसपाण्याचं विचारतात. पाणी मात्र अजून कुणी दिलेलं नाही.