घरात बांधलेला वाघ

मोहाच्या रानाला लागून असलेल्या एका गावात एक म्हातारा एकटाच राहत असे. पूर्वी तो आणि त्याची बायको मोहाची दारू गाळून विकत. बायको गेली आणि त्याने भट्टी कायमची विझवली. गाळायचा तांब्याचा हंडा आणि नळी मात्र त्याने जपून ठेवली. बायको तो हंडा चिंचेने घासून लख्ख करायची; आता तो स्वतः घासायचा.

एके दिवशी राजाची दवंडी आली. "परवान्याशिवाय दारू गाळायचं साधन घरात ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे हो! जो आपण होऊन चावडीवर आणून देईल, त्याला शिक्षा नाही हो!"

'मी कुठे आता गाळतो?' म्हातारा मनाशी म्हणाला. त्याने हंडा गोणपाटाखाली लपवला.

तेव्हापासून तो कोणाला घरात येऊ देईना. गप्पा मारायला येणारे जुने सोबती दारातूनच परतू लागले, मग यायचेच थांबले. शेजारीण तेवढी अधूनमधून डोकवायची.

"बाबा, पिठलं आणलंय गरम. आत तरी येऊ द्या की! वाघ बांधलाय का घरात?"

"तिथंच ठेव, पोरी," तो दार अडवून म्हणायचा.

एका दुपारी हंडा घासून उठताना त्याचा पाय घसरला. कंबरेत अशी कळ आली की उठता येईना. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

"बाबा, आहात ना?"

हाक मारावी तर ती दार ढकलून आत येणार, हंडा बघणार. म्हातारा ओठ दाबून पडून राहिला. तिची पावलं दूर गेली.

समोरच्या लख्ख हंड्यात त्याला एक चेहरा दिसत होता. तो त्याचाच होता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

चालता येऊ लागल्यावर त्याने हंडा आणि नळी उचलून चावडी गाठली. "गाळणं कधीच सोडलंय," तो म्हणाला.

"गाळत नव्हतात, तर ठेवलंत कशाला?" अंमलदाराने विचारलं.

"तिचे हात लागलेत त्याला."

अंमलदाराने हंडा उचलून पाहिला. "ते कायद्याला कसं कळावं, बाबा? ठेवून जा. शिक्षा नाही तुम्हाला."

म्हाताऱ्याने हंड्यावरून एकदा हात फिरवला आणि तो रिकाम्या हाताने घरी आला. कोपरा ओकाबोका दिसत होता. त्याच्याच्याने दार लावून बसवेना.

उघडं दार पाहून शेजारीण उंबऱ्यावर थबकली. "अगंबाई! वाघ गेला वाटतं?"

"गेला," म्हाताऱ्याने डोळे पुसले. "ये, आत येऊन बस."

तात्पर्य: जे लपवून ठेवावं लागतं, ते घरात राहतं आणि माणसं मात्र दाराबाहेर राहतात.