नणंदेसाठी घेतलेला शालू

एका राज्यात कापसाची बोंडे सात रंगांची येत आणि चांगल्या मागावर विणलेले कापड वेळप्रसंगी बोलत असे. त्याचे तिथे कुणाला नवल नव्हते. त्या राज्यात एक रीत होती. नवे लुगडे आणले की ते आपण आधी नेसायचे नाही. मायेच्या दुसऱ्या बाईला द्यायचे, तिने त्याची घडी मोडायची, मग आपल्या अंगाला लावायचे. थोरामोठ्यांच्या घरी ही रीत पाळत, गोरगरिबांच्या घरीही पाळत. पाळत नसे ती एकटी राणी मृणालवती. माझे वस्त्र आधी दुसरीच्या अंगाला का लागावे, असे तिचे म्हणणे. राणीला सांगणार कोण?

राणीला मुलगी झाली. बारशाला राजाची बहीण देवसेना हौसेने आली आणि रीतीप्रमाणे राणीच्या नव्या शालूची घडी मोडायला बसली. राणीने भरल्या मंडपात तो तिच्या हातून ओढून घेतला. देवसेना तशीच उठली आणि नदीपलीकडे जाऊन राहिली. शालू मात्र मांत्रिक विणकराच्या मागावरचा होता. तो बोलला, "ही मुलगी सोळा वर्षांची होईल, त्या दिवसापासून तिचे अंग खळ दिलेल्या कापडासारखे ताठ होत जाईल. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की तिचा श्वास थांबेल."

राणी हसली. कापडाचे बोलणे काय मनावर घ्यायचे?

सोळा वर्षे सरली आणि एका सकाळी राजकन्या इंदुलेखेला पाय हलवता येईनात. वैद्य आले, मंत्र झाले, नवस बोलून झाले. दुपारी गुडघे ताठ झाले. तेव्हा राणी पालखी न मागवता चालत पेठेत गेली आणि त्या विणकराच्या दुकानाची पायरी चढली. सोळा वर्षे तिने त्या दुकानाकडे पाहिले नव्हते.

विणकर आता म्हातारा झाला होता. त्याचे नाव कान्हप्पा. तुळईवर एक साळुंकी बसली होती. भिंतीशी गाठोड्यांची चळत होती आणि गाठोडी आतल्या आत कुजबुजत होती.

"काय दाखवू, राणीसरकार?"

"माझ्या मुलीचा शाप उतरेल असा शालू."

"शाप घडी मोडल्याने उतरेल. जिच्या हातून ओढलात तिनेच ती मोडायला हवी, आपल्या खुशीने. तेव्हा शालू देवसेनाबाईंसाठी पाहायचा. त्यांना रंग कोणता आवडतो?"

राणीने भिंतीशी रचलेल्या गाठोड्यांकडे पाहिले.

"तिला काय, कुठलाही चालेल," ती शेवटी म्हणाली.

"खोटे," साळुंकी म्हणाली. गाठोड्यांच्या गाठी आपोआप घट्ट आवळल्या.

राणी महालात परतली. तिने राजाला विचारले. राजाने बहिणीला जन्मापासून पाहिले होते, पण तिच्या आवडीचा रंग काही त्याला सांगता येईना. भाऊ मंडळींचे हे असेच. शेवटी मुदपाकखान्यातली एक आचारीण म्हणाली, "सरकार, देवसेनाबाई जांभळाच नेसायच्या. दुसरा रंग घेतलाच नाही कधी."

दुसऱ्या दिवशी इंदुलेखा कमरेपर्यंत ताठ झाली. राणी पुन्हा दुकानात गेली.

"जांभळा," ती म्हणाली. एक गाठोडे सुटले.

"काठ रुंद की बारीक?" कान्हप्पाने विचारले.

राणी नदी ओलांडून गेली. देवसेनेच्या अंगणात जांभळे लुगडे वाळत होते. काठ बारीक होता आणि तीन ठिकाणी टाके घालून धड केलेला होता. राजाने पाठवलेले सगळे देवसेना परत पाठवी, हे राणीला ऐकून ठाऊक होते. आज ते डोळ्यांनी पाहिले. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच ती घरी आली.

तिसऱ्या दिवशी राजकन्येची मानही वळेना. राणी धावतच दुकानात शिरली.

"बारीक काठ, बाबा."

दुसरे गाठोडे सुटले. कान्हप्पाने जांभळा, बारीक काठाचा शालू पांढऱ्या गादीवर ठेवला.

"आता शेवटचे. देवसेनाबाईंनी तो का नेसावा?"

राणीने पुष्कळ विचार केला. माझ्या मुलीसाठी, असे ओठांवर आले, ते तिने गिळले.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "नेसावा असे मी काहीच केले नाही."

साळुंकी काही बोलली नाही. कान्हप्पाने शालू तिच्या हाती दिला.

देवसेना दारात तांदूळ निवडत होती. राणी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"वन्सं, मी तुमच्या हातातून शालू ओढला. हजार बायकांसमोर ओढला. मुलगी मरायला टेकली आहे म्हणून आज आले. ती धडधाकट असती तर आले नसते, हेही खरे."

देवसेनेने सूप बाजूला सारले. तिने शालू पाहिला आणि काठावरून बोट फिरवले.

"रंग कुणी सांगितला?"

"आचारणीने."

"मुलीच्या कानात नाव कुणी सांगितले, वहिनी?"

"कुणी नाही. आत्या निघून गेली होती. आम्ही तिला ठरलेल्या नावाने नुसतीच हाक मारू लागलो."

सूर्य कलत होता. देवसेना उठून आत गेली आणि शालू नेसून बाहेर आली. घडी मोडल्याचा आवाज झाला नाही. तिकडे महालात काय झाले, ते दोघींना कळण्याजोगे नव्हते. त्या नावेत बसल्या तेव्हा देवसेनेने राणीचा हात धरून ठेवला.

महालात इंदुलेखा उशीला टेकून बसली होती. बोटे सैल झाली होती, मान वळत होती. तिने जांभळ्या शालूतल्या बाईकडे पाहिले.

"आई, ह्या कोण?"

देवसेना पलंगावर बसली. सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "इंदुलेखा."

त्या दिवसापासून त्या राज्यात राणीचे प्रत्येक नवे वस्त्र आधी नदीपलीकडे जाते. सांगणाऱ्याने सांगितले, ऐकणाऱ्याने ऐकले. ज्याच्या घरी कुणी रुसून गेले असेल, त्याने उद्या उठून जावे.